बंदुकीपासून बाणापर्यंत : पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांची कहाणी

शाळेच्या ग्रंथालयासाठी पक्ष्यांवरचे कोणते पुस्तक घ्यावे, असा प्रश्न शिक्षकांकडून नेहमी येतो. उत्तरादाखल एखादे नाव सांगून मोकळे होता येते. पण अशा पुस्तकात चित्राशेजारी बाण का असतो, पक्ष्याचे आकारमान ‘साळुंकीएवढे’ अशा भाषेत का सांगितलेले असते, सुरुवातीचे पान कधी कावळ्याचे तर कधी पाणडुबीचे का असते, हे समजले तर दुकानात समोर आलेले कोणतेही नवे पुस्तक आपले आपल्याला पारखता येते. त्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखण्याचे मुख्य साधन होते बंदूक. हे वाक्य आज कानाला खटकते, पण त्या काळी ते सरळ शास्त्रीय वास्तव होते. झाडाच्या शेंड्यावर हलणारा तपकिरी ठिपका कोणता, हे सांगण्याइतकी चांगली दुर्बीण नव्हती आणि तुलनेसाठी चित्रेही नव्हती. पक्षी पाडायचा, त्याचे कातडे सोलून त्यात कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधून तारीख आणि ठिकाण लिहायचे, आणि मग ग्रंथ उघडायचा. अमेरिकेत एलियट कूज यांनी १८७२ साली उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची ‘किल्ली’ प्रसिद्ध केली. किल्ली म्हणजे क्रमाने विचारलेल्या प्रश्नांची साखळी. शेपटीत पिसे किती? नाकपुड्या राठ केसांनी झाकलेल्या आहेत की उघड्या? पायाच्या नळीवर खवले आहेत की ती गुळगुळीत आहे? प्रत्येक उत्तरागणिक पर्याय कमी होत जातात आणि शेवटी एकच नाव उरते. पद्धत तर्कशुद्ध आहे. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी ती आजही वापरतात. पण तिची अट एकच : पक्षी हातात हवा. नाकपुडीवरचे केस मोजेपर्यंत फांदीवर बसून राहणारा पक्षी अजून जन्माला यायचा आहे.

भारतातील ग्रंथही याच घडणीचे होते. मद्रासच्या लष्करात शल्यचिकित्सक असलेल्या टी. सी. जर्डन यांचे ‘द बर्ड्‌स ऑफ इंडिया’ १८६२ ते १८६४ या काळात आले. संपूर्ण भारताचा आढावा एकत्र मिळाल्यामुळे ठिकठिकाणचे गोरे अंमलदार फावल्या वेळात पक्षी जमवू लागले. त्यांतले सर्वांत मोठे नाव अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे (१८८५) इतिहासाच्या पुस्तकात भेटणारे ते हेच ह्यूम! १८७२ मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. भारतीय पक्ष्यांवर एक सर्वंकष ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. परंतु सिमल्याच्या त्यांच्या घरातून त्या ग्रंथासाठी जमवलेले हस्तलिखित कागद एका नोकराने रद्दीच्या भावात बाजारात विकून टाकले. खचलेल्या ह्यूम यांनी आपला सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्या संग्रहातल्या एका लहानशा घुबडाची गोष्ट पुढे येणार आहे.

पुढे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या सरकारी ग्रंथमालेत ओट्स आणि ब्लॅनफर्ड यांनी १८८९ ते १८९८ या काळात पक्ष्यांचे चार खंड तयार केले. त्यांची स्टुअर्ट बेकर यांनी केलेली दुसरी आवृत्ती १९२२ ते १९३० या काळात आठ खंडांत निघाली. यांत पंखाची लांबी, चोचीची लांबी, नळीची लांबी, पिसांचा रंग सारे काही आहे. पण तो पक्षी दिसतो कसा, याचा पत्ता नाही. संग्रहालयातल्या कातड्याचे वर्णन आणि कुंपणावरच्या पक्ष्याचे वर्णन यांत फार अंतर असते. कातड्याला पंख मिटून उताणे झोपवलेले असते. ते शेपटी उडवत नाही, ओरडत नाही, चालताना मान हलवत नाही.

हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न जवळजवळ एकाच काळात दोन टोकांना सुरू झाले. अमेरिकेत फ्लॉरेन्स मेरियम यांनी १८८९ साली नाटकगृहात वापरायच्या छोट्या दुर्बिणीतून पक्षी पाहणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिले. पक्ष्यांची पिसे टोपीला लावण्याची फॅशन तेव्हा जोरात होती. ‘मारू नका, पाहा’ असे सांगायचे तर ‘पाहायचे कसे’ हेही शिकवावे लागणार, हे त्यांनी ओळखले. इकडे मुंबईत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, म्हणजे ‘ईहा’, यांचे ‘द कॉमन बर्ड्‌स ऑफ बॉम्बे’ १९०० साली आले. ईहांचा जन्म आपल्या साताऱ्याचा, १८५१ सालचा. नोकरी जकात आणि मीठ खात्यात, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक. कावळा, घार, चिमणी, दयाळ यांच्याकडे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहावे तसे मिस्कीलपणे पाहतात. शास्त्रज्ञ या पुस्तकाला ललित लेखन समजतात. मला ते पटत नाही. पक्ष्याची सवय ही त्याची ओळख असते, ही गोष्ट मापांच्या त्या ढिगाऱ्यात ईहांनी जिवंत ठेवली.

दरम्यान एक तांत्रिक घटना घडली होती. जर्मनीतल्या झाइस कंपनीने १८९४ मध्ये लोलक वापरून बनवलेली दुर्बीण बाजारात आणली. लोलकांमुळे नळ्या आखूड झाल्या, प्रतिमा सुलटी आणि स्पष्ट झाली, आणि चांगली विशालन शक्ती गळ्यात अडकवता येऊ लागली. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी पूर्ण आंतरिक परावर्तनाच्या धड्यात हे उदाहरण जरूर घ्यावे. बंदूक खाली ठेवली गेली ती निव्वळ दयाबुद्धीने नव्हे. तिचे काम करणारे दुसरे उपकरण हाती आल्यामुळेही.

भारतापुरते बोलायचे तर पंजाबात पोलीस अधिकारी असलेले ह्यू व्हिसलर यांचे ‘पॉप्युलर हँडबुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ (१९२८) हा महत्त्वाचा टप्पा. त्यात प्रत्येक पक्ष्याची ‘बाहेर पाहताना दिसणारी ओळख’ वेगळी दिलेली आहे. तरीही पुस्तक सामान्य वाचकाला जडच होते.

आता या कहाणीचा मधला खांब. अर्नेस्ट थॉम्प्सन सेटन यांच्या ‘टू लिट्ल सॅव्हेजेस’ (१९०३) या मुलांच्या कादंबरीत एक प्रसंग आहे. कथेतल्या मुलाला तळ्यावर दूर पोहणारी बदके ओळखता येत नाहीत. मग काचेच्या कपाटातली पेंढा भरलेली बदके पाहून तो त्यांची अगदी ढोबळ चित्रे काढतो. पिसांचा तपशील नाही, फक्त कुठे पांढरा पट्टा आहे, कुठे काळा डाग आहे एवढेच. लांबून प्रत्येक जातीचे बदक एक ठरावीक ठिगळ अंगावर घेऊन हिंडते, आणि ते ठिगळ म्हणजेच त्याचा गणवेश! ही कल्पना रॉजर टोरी पीटरसन या तरुण चित्रकाराच्या मनात रुजली. जागतिक मंदीचे दिवस होते. अनेक प्रकाशकांनी नकार दिल्यावर १९३४ च्या एप्रिलमध्ये ‘अ फील्ड गाइड टु द बर्ड्‌स’ बाजारात आले. छापलेल्या २,००० प्रती आठवड्याभरात संपल्या. पीटरसन तेव्हा पंचविशीत होते.

पुस्तकात नवे काय होते? रंगीत चित्रे नव्हेत, कारण बरीचशी चित्रे काळी-पांढरीच होती. नवे होते ते तीन निर्णय. दिसायला सारखे पक्षी एकाच पानावर, एकाच बाजूला तोंड करून काढायचे. रेखाटनातून अनावश्यक तपशील गाळायचा. आणि जी खूण या पक्ष्याला शेजारच्या पक्ष्यापासून वेगळे करते, नेमक्या तिथे बाण दाखवायचा. ‘हा पक्षी कसा आहे’ या प्रश्नाऐवजी ‘हा पक्षी कोणाहून कसा वेगळा आहे’ हा प्रश्न पीटरसन यांनी विचारला. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. थोरला धोबी आणि पांढरा धोबी हे दोघेही काळे-पांढरे, दोघेही शेपटी सतत खालीवर हलवणारे. नुसते वर्णन वाचले तर गोंधळ ठरलेला. पण थोरल्याचे कपाळ काळे आणि फक्त भुवई पांढरी, तर पांढऱ्याचे कपाळच पांढरे. एक बाण कपाळावर, की काम झाले. शिवाय थोरला बारमाही आपल्याकडे, आणि पांढरा थंडीचा पाहुणा. मे महिन्यात ‘पांढरा धोबी’ दिसल्याची नोंद विद्यार्थ्याने आणली, तर वहीवर लाल रेघ ओढण्याआधी त्याला कपाळ कसे होते ते विचारावे.

पुढे सात वर्षांनी, १९४१ साली, सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केले. सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी आणि ती घेऊन १९०८ मध्ये ते सोसायटीत गेले ती हकिकत वाचकांना ठाऊक असेलच. ज्याचा प्रवास बंदुकीपासून सुरू झाला त्याच माणसाने बंदुकीविना पक्षी ओळखण्याचे भारतातले पुस्तक लिहिले. पीटरसन यांची बाणपद्धत त्यात नाही. एकेका पक्ष्याला चित्र आणि त्याची माहिती अशी मांडणी आहे. या पुस्तकाची खरी कमाल दुसरीकडे आहे. आकारमानासाठी त्यांनी चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबुतर, तित्तिर, कावळा, घार आणि गिधाड असे मापदंड ठरवले आणि अधिक-उणे चिन्हांनी ‘साळुंकीहून थोडा मोठा’, ‘बुलबुलाहून लहान’ असे सांगितले. वीस मीटरवरच्या पक्ष्याची लांबी २३ सेंटिमीटर आहे की २६, हे कोणालाही सांगता येत नाही. तो साळुंकीएवढा आहे की नाही, हे चौथीतली मुलगीही सांगते. मापनाचे एकक हे मापणाऱ्याच्या परिचयाचे असावे, हा विज्ञानशिक्षणाचा धडा मला या पुस्तकाइतका स्वच्छ कुठे दिसलेला नाही. रंगावरून, शेपटीवरून, चोचीवरून पक्षी शोधण्याच्या याद्याही त्यात आहेत; म्हणजे जुन्या किल्लीचेच, पण डोळ्यांनी उघडता येईल असे रूप. या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, आणि २००२ च्या तेराव्या आवृत्तीत पक्ष्यांची संख्या ५३८ पर्यंत पोचली.

सलीम अली आणि डिलन रिप्ली यांचे दहा खंडी ‘हँडबुक’ १९६८ ते १९७४ या काळात आले. तो संदर्भग्रंथ, खांद्यावरच्या पिशवीत मावणारा नव्हे. दोघांचीच ‘पिक्टोरियल गाइड’ १९८३ मध्ये आली. जॉन हेन्री डिक यांच्या १०६ चित्रपृष्ठांत उपखंडातले जवळजवळ सारे पक्षी त्यात दाखवलेले आहेत. त्या पिढीतल्या निरीक्षकांचे ते मोठेच पाठबळ होते, पण एकेका पानावर इतके पक्षी दाटीवाटीने बसवावे लागले की बारीक फरक दाखवायला जागाच उरली नाही.

चित्र अपुरे असले किंवा नोंद खोटी असली तर काय होते, हे आता ह्यूम यांच्या त्या घुबडावरून पाहू. हा रानपिंगळा. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८७२ ते १८८४ या काळात त्याची अवघी सात कातडी जमा झाली. त्यांतली बरीचशी खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने मिळवलेली. त्यानंतर पक्षी गायब! अपवाद फक्त एक : रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे मिळवल्याचे सांगितलेला नमुना. या गृहस्थांचा दबदबा मोठा होता. १९३७ च्या अफगाणिस्तान मोहिमेत सलीम अली त्यांच्याबरोबर होते. त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या सुमारे वीस हजार कातड्यांवर शंका घेण्याचे कोणाच्या मनात येणार? पुस्तकांत मांडवी, १९१४ ही नोंद निमूटपणे उतरत राहिली.

अ‍ॅलन नॉक्स यांनी १९९३ मध्ये या संग्रहातल्या लबाडीचा पुरावा पुढे मांडला. त्याच सुमारास दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरील नव्या ग्रंथाची तयारी करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी रानपिंगळ्याचे कातडे तपासायला घेतले. ते आधी एकदा भरलेले, मग उसवून पुन्हा भरलेले आणि शिवलेले निघाले. क्ष-किरण चित्रांतून आणि मूळच्या शिवणीच्या खुणांवरून कळले की ते डेव्हिडसन यांनीच तयार केलेले, संग्रहालयातून चोरलेले आणि नवी चिठ्ठी लावून परत आलेले कातडे होते. म्हणजे मांडवी खोटी आणि १९१४ ही खोटे. शेवटची विश्वासार्ह नोंद १८८४ ची, आणि शोधायची जागा खानदेश. या उलगड्यानंतर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी फिरले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ (तेव्हाचा धुळे, १९९८ पासूनचा नंदुरबार जिल्हा), उघड्या फांदीवर दिवसाढवळ्या बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी!

पक्षी इतकी वर्षे का सापडला नाही, याचे एक कारण खोटी नोंद. दुसरे कारण पुस्तकांतली चित्रे. गावोगावी आढळणारा साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांच्यातला नेमका फरक जुन्या चित्रांत आणि वर्णनांत नीट उतरलेला नव्हता. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. रानपिंगळ्याचे डोके आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, छातीवर दाट तपकिरी रंग, खालचे पोट शुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे, आणि पायांवर भरघोस पांढरी पिसे. सातपुड्यातल्या कोणाला तो मधल्या काळात दिसला असेलही. पण हातातल्या पुस्तकावरून तो ओळखणे अवघड होते. आता त्याच्या नोंदी मेळघाटातून, मध्य प्रदेशातून आणि २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातूनही झाल्या आहेत. हा पक्षी आजही संकटग्रस्तच आहे. पण कोणत्या सागवनात तोड थांबवायची हे ठरवायचे, तर आधी तो कोणत्या सागवनात आहे हे कळायला हवे. आणि तेथवर पोचण्यासाठी हातात बरोबर चित्र हवे.

या घटनेनंतरच्या काही वर्षांत भारतीय वाचकाकडे पुस्तकांची रांगच लागली. १९९८ मध्ये रिचर्ड ग्रिमेट आणि कॅरल व टिम इन्स्किप यांचा जाडजूड ग्रंथ आणि पाठोपाठ १९९९ मध्ये त्याची खिशात मावणारी आवृत्ती आली. या छोट्या आवृत्तीत एका बाजूला चित्रे आणि समोरच्याच पानावर त्या चित्रांचा मजकूर. २००० मध्ये कझ्मेर्चाक यांचे पुस्तक आले. त्यात पक्ष्याच्या मजकुराजवळच नकाशा. २००३ मध्ये सतीश पांडे आणि सहकाऱ्यांचे पश्चिम घाट, कोकण आणि मलबारच्या पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक. आणि २००५ मध्ये रासमुसेन व अँडर्टन यांचे दोन खंड. त्यांत आवाजाचे आलेखही आहेत, आणि संशयास्पद जुन्या नोंदींची छाननी आहे.

आता खरेदीचे बोलू. पुस्तक हातात घेतल्यावर मुखपृष्ठावरचा मोर किंवा नवरंग पाहू नये. तो कोणालाही सुंदर काढता येतो. सरळ वटवट्यांचे पान उघडावे. हे तपकिरी, चिमुकले, एकमेकांसारखे दिसणारे पक्षी जिथे वेगळे करून दाखवलेले आहेत, तिथे चित्रकाराने मेहनत घेतलेली असते. मग शिकारी पक्ष्यांचे पान. घार, शिक्रा, कापशी हे आपल्याला बहुधा डोक्यावरून उडतानाच दिसतात, तेव्हा खालून दिसणारे पंख काढलेले नसतील तर ते पान निम्मे वाया गेले. कोकिळेची मादी ठिपक्यांची दाखवली आहे का? वीण काळातला आणि एरवीचा बगळा दोन्ही आहेत का? मजकूर चित्रासमोर आहे की शंभर पाने पुढे? उन्हात, एका हातात दुर्बीण धरून शंभर पाने कोणी उलटत नाही.

छायाचित्रांची पुस्तके आजकाल पुष्कळ मिळतात आणि मुलांना ती आवडतात. माझे मत मात्र चित्रांच्या बाजूने आहे. छायाचित्रात एक पक्षी, एका क्षणाचा, एका उजेडातला असतो. संध्याकाळच्या पिवळ्या प्रकाशात पांढरे पोटही तांबूस दिसते. चित्रकार शंभर पक्षी पाहून एक काढतो. मोबाईल फोनवरच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘मर्लिन’सारख्या साधनांबद्दलही थोडे असेच. आवाज ऐकून किंवा छायाचित्र पाहून ती झटकन नाव सुचवतात आणि भारतातल्या पक्ष्यांसाठीही उपयोगी पडतात. पण ते दुसऱ्याने दिलेले उत्तर असते. विद्यार्थ्याने आधी वहीत आकारमान, चोच, ठळक खूण आणि जागा लिहावी, पुस्तकातून नाव काढावे आणि मग फोनला विचारावे. दोघांचे पटले नाही तर तास फार चांगला रंगतो.

जुने पुस्तक फुकट मिळाले तर सोडू नये. फक्त त्यातली शास्त्रीय नावे आणि क्रम जुने असणार हे लक्षात ठेवावे. व्हिसलर यांच्या काळात ग्रंथाची सुरुवात कावळ्यापासून होई, सलीम अली-रिप्लींच्या ‘हँडबुक’मध्ये ती पाणडुबीसारख्या पाणपक्ष्यांपासून होते, आणि ग्रिमेट-इन्स्किप यांच्याकडे तित्तिर कुळापासून. क्रम बदलला तो उत्क्रांतीतल्या नात्यांबद्दलची समज बदलली म्हणून. रानपिंगळ्याचेच पाहा : ह्यूम यांनी त्याला ‘हेटेरोग्लॉक्स’ या वेगळ्या प्रजातीत टाकले, नंतर तो साध्या पिंगळ्याच्या ‘अथेनी’ प्रजातीत गेला, पुन्हा बाहेर आला, आणि २०१८ मधील जनुकीय अभ्यासानंतर पुन्हा ‘अथेनी’त.

मराठी नावांचा प्रश्न उरतोच. भारद्वाजाला कुठे कुंभारकावळा म्हणतात, कोकणात कुकुडकोंबा. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ अशा नावांसाठी हाताशी असावा. शाळेची ऐपत एकाच पुस्तकाची असेल तर खिशात मावणारे, समोरासमोर चित्र-मजकुराचे आणि नकाशे असलेले पुस्तक घ्यावे. त्याला जाड प्लॅस्टिकचे वेष्टन घालावे आणि आपल्या गावात दिसणाऱ्या पक्ष्यांच्या चित्रांशेजारी त्यांची गावातली नावे मुलांकडूनच पेन्सिलने लिहून घ्यावीत. ग्रंथपालांची परवानगी तेवढी आधी काढून ठेवावी.